मऊ धातूची कठीण परीक्षा

आजच्या भाषणाचा विषय कानांवर पडतांच आपणांपैकीं पुष्कळांना वाटेल कीं, हा विषय एखाद्या इंजिनियरानें बोलावयाचा; निवृत्त शाळामास्तराचें येथें काय काम? हा आक्षेप मला मान्य आहे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. लेथवर उभें राहून मीं आजवर साधा खिळाहि कातलेला नाहीं. तथापि आयुष्याचीं पस्तीस वर्षें मीं मुलांच्या परीक्षा घेतल्या. आणि धातूची परीक्षा कशी घेतात, ती कोणीं, कां आणि कोणासाठीं सुरू केली, याचा इतिहास वाचूं लागलों तेव्हां तो मला माझ्याच धंद्याचा इतिहास वाटूं लागला. ॲल्युमिनियमचे मिश्रधातु कातावयास सोपे कीं अवघड हें कसें ठरवावें, एवढाच आजचा प्रश्न. तो दिसावयास लहान आहे. परंतु त्याच्या पोटांत पुष्कळ कांहीं आहे.

या प्रश्नाकडे मी वळलों तो एका दुखापतीमुळें. माझा एक जुना विद्यार्थी कराडच्या बाहेर लहानसें वर्कशॉप चालवितो. तीन लेथ आणि चार माणसें, एवढाच त्याचा पसारा. कांहीं वर्षांपूर्वीं त्यानें एका गिऱ्हाइकाला ॲल्युमिनियमचे लहान गोल भाग कातून देण्याचें काम घेतलें. पहिल्या खेपेच्या सळया सुरेख कातल्या गेल्या. मग दुसऱ्या खेपेच्या सळया आल्या. त्यांवर नंबर तोच, जाडी तीच, रंगहि तोच. पण टूल लावतांच कीस तुटेना. त्याच्या लांबच लांब फिती निघूं लागल्या आणि फिरत्या जॉबाभोंवतीं गुंडाळूं लागल्या. काम शिकावयास आलेल्या एका पोरानें लेथ न थांबवितां त्यांतली एक फीत हातानें ओढली, आणि त्याचा तळवा कापला. टांके घालावे लागले. तयार झालेल्या भागांचा पृष्ठभाग ओरबाडल्यासारखा दिसत होता, म्हणून गिऱ्हाइकानें सगळा माल परत धाडला. महिन्याची कमाई त्या एका खेपेंत गेली.

पोराची विचारपूस करण्यासाठीं मी गेलों असतां तेथील वयस्क टर्नर मला म्हणाला, “मास्तर, पयल्या सळईचा कीस बघितला आन् मालकास्नी सांगितलं, ह्यो माल येगळा हाय. पर कागदावर नंबर त्योच. माझ्या बोलण्याला कागद कुठनं आणू?”

तें वाक्य माझ्या मनांतून जाईना. त्या माणसाला जें कळलें होतें तें खरें होतें; पण त्याच्या कळण्याला पुरावा नव्हता. ज्या कागदाला पुरावा म्हणून मान होता, तो अपुरा होता. माणसाच्या हाताला जें कळतें तें कागदावर कसें आणावें, या खटपटीचाच इतिहास मी आज आपणांस सांगणार आहें.

कसोटी हा शब्द आपण सराफाच्या दुकानांतून घेतला. सराफ काळ्या गुळगुळीत दगडावर सोन्याची रेघ ओढतो. पण एकट्या रेघेवरून त्याला निकाल देतां येत नाहीं. ज्यांचा कस ठाऊक आहे अशा सोन्याची रेघ तो शेजारीं ओढतो आणि दोहोंची तुलना करितो. म्हणजे कसोटीला तीन गोष्टी लागतात : ज्याची परीक्षा घ्यावयाची तो धातु, ज्यावर घ्यावयाची तो दगड, आणि ज्याच्याशीं तुलना करावयाची तो ठाऊक नमुना. यांतली एक गोष्ट काढून घेतली तर कसोटी कोसळते. धातु कातण्याची परीक्षाहि याच तीन पायांवर उभी आहे, हें पुढें आपल्या लक्षांत येईल.

आमच्या कृष्णाकांठाला यंत्रकामाची ओळख करून दिली ती लोखंडानें. बेळगांवच्या सायकलींच्या दुकानापासून आरंभ करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालीं लोखंडी नांगर बनविला, आणि १९१० सालीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांच्या आश्रयानें ते आपला कारखाना घेऊन कुंडल रोड स्टेशनाजवळच्या ओसाड माळावर आले. तीच किर्लोस्करवाडी. कराडहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडींत बसलें म्हणजे वाटेंत तें स्टेशन लागतें. लोखंडी नांगरानें जमीन विषारी होईल, अशी शंका त्या काळीं शेतकऱ्यांनीं घेतली होती. ती शंका व्याख्यानांनीं फिटली नाहीं. नांगर प्रत्यक्ष शेतांत चालला तेव्हां फिटली. तीहि एक परीक्षाच होती, आणि ती जमिनीनें घेतली. पुढें १९१६ सालीं कराडच्या शेजारीं ओगलेवाडीस ओगले बंधूंचा काचकारखाना निघाला व त्याचे प्रभाकर कंदील घरोघर गेले. १९६० सालीं कराडास सरकारी इंजिनियरिंग कॉलेज निघालें. अशा रीतीनें शेताभातांतल्या या मुलुखांत लेथचा आवाज ओळखीचा झाला.

परंतु या मुलुखांतला हात शिकला तो मुख्यतः बिडावर. बिडांत काजळीसारख्या कर्बाच्या चकत्या पसरलेल्या असतात. त्यामुळें टूल लागलें कीं बिडाचा कीस आपोआप तुटतो आणि भुग्यासारखा खालीं पडतो. पोलादाचें तसें नसतें, आणि ॲल्युमिनियमचें तर मुळींच नसतें. म्हणून बिडावर तयार झालेला हात ॲल्युमिनियमवर प्रथम बुचकळ्यांत पडतो.

आतां ही परीक्षा शास्त्राच्या रूपांत प्रथम कोणीं मांडली तें पाहूं. त्यासाठीं आपणांस अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं मिडव्हेल नांवाच्या पोलादाच्या कारखान्यांत जावें लागेल. फ्रेडरिक टेलर हा तेथें १८७८ सालीं साध्या मजुरासारखा लागला आणि लवकरच लेथकामाचा मुकादम झाला. मुकादम होतांच त्याचें कारागिरांशीं भांडण जुंपलें. त्याचें म्हणणें, तुम्हीं याहून अधिक काम करूं शकतां. कारागिरांचें म्हणणें, नाहीं. खरें कोणाचें? हें सांगण्यास दोघांपाशींहि आंकडा नव्हता. कोणत्या वेगानें कातलें असतां टूल किती वेळ टिकेल, हें कोठेंहि लिहिलेलें नव्हतें. तें कारागिराच्या कानांत, डोळ्यांत आणि मनगटांत होतें.

टेलरनें १८८० सालीं मालकांकडे प्रयोग करण्याची परवानगी मागितली. सहा महिन्यांत उत्तर मिळेल असा त्याचा अंदाज होता. प्रयोग चालले सव्वीस वर्षें! १९०६ सालच्या अखेरीस अमेरिकन यांत्रिक इंजिनियरांच्या संस्थेपुढें अध्यक्ष या नात्यानें त्यानें आपला निबंध वाचला, तेव्हां त्यानें सांगितलें कीं तीस ते पन्नास हजार प्रयोग झाले आणि त्यांत आठ लक्ष पौंडांहून अधिक लोखंड व पोलाद यांचा कीस झाला. प्रश्न इतका लांबला, कारण उत्तर एका गोष्टीवर अवलंबून नव्हतें. धातूचा कठीणपणा, टूलचें पोलाद, टूलचा आकार, कापाची खोली, फीड, ओतलेलें पाणी अशा बारा गोष्टी त्यानें मोजल्या. आणि त्यांतली एक बदलली कीं उत्तर बदले.

या प्रयोगांतून निघालेल्या दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. पहिली अगदीं साधी : कीस जेथें सुटतो नेमक्या त्या जागीं पाण्याचा मोठा झोत सोडला, तर कातण्याचा वेग शेंकडा चाळीसनें वाढवितां येतो. दुसरी गोष्ट मोठी. १८९८ च्या सुमारास टेलर आणि त्याचा सहकारी व्हाइट यांनीं टूलचें पोलाद वितळण्याच्या बेतापर्यंत तापवून पाहिलें. तोंवर समज असा कीं, इतकें तापविलें तर तें फुकट जातें. तें फुकट गेलें नाहीं; उलट लालबुंद झालें तरी धार धरून राहूं लागलें. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत हा चमत्कार लोकांनीं पाहिला. आजहि आपल्या वर्कशॉपांत ज्याला एचएसएस म्हणतात तें पोलाद त्याच घराण्यांतलें.

या सगळ्या खटाटोपासाठीं टेलरनें परीक्षेचें एक ठाम माप ठरविलें. ज्या वेगानें कातलें असतां टूल बरोबर वीस मिनिटांत निकामी होतें, तो त्या धातूचा प्रमाण-वेग. वेग जास्त तर धातु सोपा; वेग कमी तर धातु अवघड. नंतरच्या लोकांनीं यांत सुधारणा केल्या. १९७७ सालीं आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेनें टूलच्या आयुष्याच्या परीक्षेचे नियम छापले. त्यांत टूलची धार बाजूनें सरासरी ०.३ मिलिमीटर झिजली म्हणजे तिचें आयुष्य संपलें असें मानण्याची वाट दिली आहे. अमेरिकेंत एक विशिष्ट सोपें पोलाद शंभर गुणांचें ठरवून बाकीच्या धातूंना त्याच्या तुलनेनें गुण देण्याची चाल पडली. सराफाचा ठाऊक नमुना तो हाच.

श्रोतेहो, आतां ॲल्युमिनियमकडे वळूं. हा धातु पृथ्वीच्या पाठीवर विपुल. परंतु त्याला मातींतून सोडविणें इतकें दुर्घट कीं, एके काळीं त्याला चांदीसारखा मान होता. १८८६ सालीं अमेरिकेंत हॉल आणि फ्रान्सांत एरू या दोन तरुणांनीं एकमेकांना न कळत विजेच्या साहाय्यानें तो स्वस्तांत काढण्याची रीत शोधली. दोघेहि त्या वेळीं बावीस-तेवीस वर्षांचे होते. आपल्या देशांत १८९८ सालीं मद्रासच्या कलाशाळेंत आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं ॲल्युमिनियमचीं भांडीं बनविण्यास आरंभ केला. धातु मात्र बाहेरूनच येई. हिंदुस्थानांत ॲल्युमिनियम प्रथम निघालें तें १९४३ सालीं, केरळांतील आलवाई येथें. आमच्या घरांतून या भांड्यांना जर्मनचीं भांडीं म्हणत. त्या पातेल्यांची माती आमच्या शेजारींच, कोल्हापूर जिल्ह्यांत राधानगरी आणि चंदगडच्या डोंगरांत, बॉक्साइटच्या रूपानें पडून आहे, हें आमच्या आयाबायांना ठाऊक नव्हतें.

पातेलें हें ठोकून, दाबून, ताणून होतें. त्याला कातण्याचा प्रसंग क्वचित्. ॲल्युमिनियम कातण्याचा प्रश्न खरा उभा राहिला तो मोटार आणि विमान यांच्याबरोबर. सोलापुरांत जन्मलेले वालचंद हिराचंद यांनीं १९४० च्या डिसेंबरांत म्हैसूर संस्थानच्या साहाय्यानें बंगलोरास विमानाचा कारखाना काढला. पुढें १९६४ सालीं नाशिकजवळ ओझर येथें मिग विमानांचा कारखाना निघाला. विमानाला हलका धातु हवा, पण तो मऊ नको. ॲल्युमिनियमचें वजन तितक्याच लोखंडाच्या सुमारें एक-तृतीयांश. परंतु शुद्ध ॲल्युमिनियम इतकें मऊ कीं तें हातानें वांकतें. त्यावर इलाज सांपडला तो जर्मनींत, आणि तोहि योगायोगानें.

आल्फ्रेड विल्म हा १९०६ सालीं तांबें आणि थोडें मॅग्नेशियम घातलेल्या ॲल्युमिनियमचे तुकडे तापवून पाण्यांत बुडवून पाहत होता. पोलाद असें बुडविलें कीं तत्काळ कठीण होतें. हे तुकडे कांहीं तसे झाले नाहींत. काम तसेंच ठेवून मंडळी सुट्टीला गेली. सुट्टीनंतर पुन्हां मोजून पाहतात तों तेच तुकडे पहिल्यापेक्षां कठीण झालेले! कोणींहि हात लावला नव्हता. धातु नुसता बसून राहिल्यानें घट्ट झाला होता. या धातूला पुढें ड्युरालुमिन हें नांव मिळालें आणि विमानविद्या त्यावर उभी राहिली. असें कां होतें याचा उलगडा १९३८ सालीं फ्रान्सांत गिनिए आणि इंग्लंडांत प्रेस्टन यांनीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें केला. धातूच्या पोटांत तांब्याचे कण हळूहळू घोळका करितात, आणि ते सूक्ष्म घोळके धातूच्या थरांना घसरूं देत नाहींत. तापविणें, बुडविणें आणि थांबणें, या तीन क्रियांना मी तर धातूचे संस्कार म्हणेन. घटक तेच, संस्कार निराळे, आणि त्यामुळें स्वभावहि निराळा.

येथें सामान्य माणसाची एक चुकीची समजूत आड येते. आपणांस वाटतें, मऊ तें सोपें आणि कठीण तें अवघड. कापावयाच्या बाबतींत हें खरें नाहीं. आमच्या कराड-कोल्हापूरकडील गृहिणीला हें पुस्तकावांचून कळतें. चिक्कीचा गूळ मऊ, पण सुरी घातली कीं पात्याला चिकटतो, ओढावा तसा तार धरतो आणि कापलेली बाजू ओबडधोबड होते. खडखडीत गुळाची ढेप कठीण. पण सुरीनें टोंचली कीं स्वच्छ खडा निघतो. मऊ ॲल्युमिनियम हा चिक्कीचा गूळ होय. कातण्याच्या उष्णतेनें व दाबानें त्याचा थर टूलच्या धारेवर चिकटतो. तो वाढतो, तुटतो, पुन्हां चिकटतो. म्हणजे कापतें तें टूल नव्हे, टूलावर बसलेलें ॲल्युमिनियमच ॲल्युमिनियमला ओरबाडतें! आमचे टर्नर यावर रॉकेल सोडतात, टूलला पुढून चांगला उतार देतात, त्याचें तोंड घांसून आरशासारखें करितात आणि वेग वाढवितात. हीं चारी औषधें शास्त्रानेंहि मान्य केलेलीं आहेत.

मिश्रधातूंतील प्रत्येक पाहुणा निरनिराळा वागतो. सिलिकॉन घातलें म्हणजे धातु सांच्यांत उत्तम भरतो. म्हणून इंजिनाचे पिस्टन शेंकडा बाराच्या आसपास सिलिकॉन असलेल्या ॲल्युमिनियमचे ओतीत आले आहेत. परंतु सिलिकॉनचे कण वाळूप्रमाणें टूलची धार खातात. जितकें सिलिकॉन अधिक तितकी झीज अधिक. त्यासाठीं साधें पोलाद पुरेना, तेव्हां १९२७ सालीं जर्मनींतील क्रुप कारखान्यानें टंगस्टन कार्बाइडचें टूल बाजारांत आणलें आणि हिऱ्यासारखें या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून त्याला विडिया असें नांव दिलें. आमच्या गल्लीबोळांतील वर्कशॉपांत हा शब्द अजून ऐकूं येतो. तो जर्मन आहे हें बोलणाराच्या गांवींहि नसतें. पुढें १९७० नंतर खऱ्याच हिऱ्याच्या कणांचीं टूलें निघालीं.

उलट शिसें आणि बिस्मथ हे दोन पाहुणे फार उपयोगी. ते ॲल्युमिनियमांत विरघळत नाहींत. बारीक थेंबांसारखे पसरून राहतात. कातण्याच्या उष्णतेनें ते थेंब मऊ पडतात आणि तेथेंच कीस तुटतो. २०११ या नंबराचा मिश्रधातु असा आहे. त्याचा कीस तांदळाच्या कण्यांसारखा पडतो. परंतु शिसें विषारी. त्याची भंगार भट्टींत वितळविणाऱ्याला आणि भोंवतालच्या मुलाबाळांना त्याची बाधा होते. म्हणून युरोपांत १ जुलै २००६ पासून विजेच्या वस्तूंतील शिशावर बंदी आली. ॲल्युमिनियममधील शिशाला मात्र शेंकडा ०.४ पर्यंत सवलत ठेवण्यांत आली. टूलला जें सोपें तें माणसाला सोपें असेलच असें नाहीं, ही गोष्ट परीक्षकानें विसरतां कामा नये.

मग ॲल्युमिनियमची परीक्षा घ्यावयाची कशी? टेलरची वीस मिनिटांची रीत येथें लागू पडत नाहीं. ॲल्युमिनियम ६६० अंशांवरच वितळतें. त्यामुळें कातण्याच्या जागीं उष्णता पोलादाइतकी चढूंच शकत नाहीं. सिलिकॉन कमी असलें तर विडियाचें टूल तासन्‌तास झिजत नाहीं. तें झिजण्याची वाट पाहत बसलें तर सळयांचे ढीग संपतील आणि निकाल लागणार नाहीं. म्हणून येथें परीक्षक चार ठिकाणीं पाहतो. पहिलें, कीस : तुकडे पडतात, वेटोळीं होतात, कीं फिती निघतात? दुसरें, पृष्ठभाग : आरशासारखा कीं ओरबाडलेला? तिसरें, टूलवर येणारा जोर; हा मोजण्यासाठीं टूलच्या मुळाशीं जोरमापक बसवितात. आणि चवथें, धार : तिच्यावर थर चिकटला आहे कीं ती झिजली आहे? कांहीं ठिकाणीं याहून साधी रीत वापरतात. ड्रिलवर ठराविक वजन ठेवावयाचें आणि ठराविक खोलीचें भोंक पडण्यास किती वेळ लागला तें पहावयाचें.

अमेरिकेंतील ॲल्युमिनियमवाल्यांच्या संघटनेनें या सर्वांवरून पांच वर्ग पाडले. ए वर्गांत कीस बारीक तुटतो आणि पृष्ठभाग सुरेख येतो. ई वर्गांत लांब चिकट फिती निघतात. मघांचा २०११ हा ए वर्गांत बसतो. शुद्ध मऊ ॲल्युमिनियम ई वर्गांत जातें. आणि आतां नीट ऐका : ६०६१ हा एकच नंबर दोन वर्गांत बसतो! संस्कार केलेला, म्हणजे ज्याच्या नंबरापुढें टी-६ असें लिहितात तो, सी वर्गांत; आणि तापवून मऊ सोडलेला, ज्यापुढें ओ लिहितात, तो त्याच्या खालीं डी वर्गांत.

माझ्या विद्यार्थ्याच्या दोन खेपांचें गूढ हेंच होतें. त्यानें दोन्ही सळयांचे तुकडे एका प्रयोगशाळेंत धाडून त्यांचा कठीणपणा मोजून आणला. पहिल्या खेपेचा ब्रिनेल आंकडा ९५ च्या जवळपास, दुसऱ्या खेपेचा जेमतेम ३०. घटक दोहोंचे सारखेच. कागदावर ६०६१ एवढें छापलें होतें. पुढचें अक्षर कोणीं तरी गाळलें होतें. त्या एका गाळलेल्या अक्षरानें महिन्याची कमाई नेली आणि एका पोराचा तळवा चिरला. वयस्क टर्नराच्या डोळ्यांनीं मात्र तें अक्षर किसावर वाचलें होतें.

आमच्या कराडास कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन भेटतात. प्रीतिसंगमावर उभें राहून, हें वळण कोणत्या नदीचें, असें विचारण्यांत अर्थ नाहीं. तें दोघींच्या भेटीचें आहे. धातूचा सोपेपणाहि तसाच आहे. तो एकट्या धातूच्या पोटांत नसतो. धातु, टूल, वेग, तेल आणि माणूस यांच्या भेटींत तो उत्पन्न होतो. म्हणून हा धातु कातावयास सोपा आहे, एवढें म्हणणें हें अर्धें वाक्य आहे. कोणत्या टूलनें, किती वेगानें, कोणत्या संस्कारानंतर, आणि कशाच्या तुलनेनें, हें सांगितलें म्हणजे तें पुरें होतें.

टेलरच्या कथेची एक बाजू मीं अजून सांगितली नाहीं, ती सांगून संपवितों. त्यानें जें मोजलें तें कारागिरांच्या हातांतून घेतलें. आणि कार्ल बार्थ या त्याच्या गणिती सहकाऱ्यानें तें स्लाइड रूलवर उतरविलें. ती पट्टी कारागिराच्या हातीं राहिली नाहीं, कचेरींत गेली. कोणत्या वेगानें कातावें हें लेथवरचा माणूस ठरवीत असे. तें आतां कचेरीचा कागद ठरवूं लागला, आणि माणसाच्या डोक्याशीं घड्याळ उभें राहिलें. १९११ सालीं वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रशाळेंत सांचेवाल्या कामगारांनीं त्या घड्याळाविरुद्ध संप केला. अमेरिकेच्या कायदेमंडळानें चौकशी केली, आणि १९१५ सालीं तेथील लष्करी कारखान्यांत घड्याळ लावण्यास बंदी झाली. त्याच वर्षीं टेलर वारला. त्याच्या आंकड्यांत खोट नव्हती. ते आंकडे कोणाचे, हा प्रश्न मात्र त्यानें कधीं नीट विचारला नाहीं. परीक्षा ही विद्यार्थ्याला कळावें म्हणूनहि घेतां येते आणि त्याला धाक बसावा म्हणूनहि घेतां येते. शिक्षकीच्या पस्तीस वर्षांत या दोन्ही तऱ्हा मीं पाहिल्या आहेत. आणि प्रामाणिकपणें सांगावयाचें तर दोन्ही केल्याहि आहेत.

माझ्या विद्यार्थ्यानें त्या प्रसंगानंतर एक साधी वही घातली आहे. नव्या खेपेचा माल आला कीं त्यांतली एक सळई काढून लेथवर चढवावयाची. टूल ठराविक, वेग, फीड आणि कापाची खोली ठराविक, रॉकेल नाहीं. पांच मिनिटें कातावयाचें. मग लेथ थांबवून, हातानें नव्हे, आंकड्यानें कीस उचलावयाचा, आणि तो चिमूटभर लहान पिशवींत घालून वहीच्या पानाला टांचावयाचा. शेजारीं जुन्या चांगल्या मालाचा नमुना ठेवलेला असतो. त्याच्याशीं कीस आणि पृष्ठभाग ताडून पहावयाचा. ठाऊक नमुना, ठराविक दगड आणि नवा धातु : सराफाची कसोटी पुरी झाली. मग वयस्क टर्नर आपलें मत सांगतो आणि तें त्याच्या नांवासकट वहींत लिहिलें जातें. मागें एकदां पानावर ‘माल चिकट, परत करावा’ असें लिहिलेलें मीं पाहिलें. आणि माल खरोखरच परत गेला होता.

ती वही कचेरीच्या कपाटांत नसते. लेथच्या बाजूला खिळ्याला टांगलेली असते, आणि तिच्यांत लिहिण्याचें काम ज्याचा तळवा कापला होता त्या पोराकडे आहे. त्याचें अक्षर फारसें चांगलें नाहीं. तो माझ्या शाळेंतला नव्हे, नाहीं तर तो दोष माझ्याकडे आला असता. परंतु चाळीस वर्षें लेथवर घालविलेल्या माणसाला जें कळतें, तें आतां त्या वेड्यावांकड्या अक्षरांत एकेक ओळ उतरत आहे. म्हातारा टर्नर घरीं बसेल तेव्हां तें त्याच्याबरोबर जाणार नाहीं.

ज्या श्रोत्यांचीं लहानमोठीं वर्कशॉपें आहेत त्यांना या शाळामास्तराची एवढीच विनंति आहे कीं, चार आण्यांची नसेल, पण चाळीस रुपयांची एक वही त्यांनीं आणावी आणि ती लेथजवळ टांगावी. त्या टर्नराच्या बोलण्याला कागद नव्हता. तो आपण देऊं शकतों.